साप्याची मान

"मॅडम, जनावरांचे गमतीचे किस्से लिहा," असं दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं. मी बरं म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर माझं मलाच हसू आलं. सरकारी पशुवैद्यक म्हणून किनवट, देगलूर, उदगीर ह्या पट्ट्यात सगळी नोकरी काढली, पण लोक मला ओळखायचे ते गमतीसाठी नव्हे. मी मेलेल्या जनावरांची डॉक्टरीण होते. जिवंत ढोरं मी पुष्कळ बरी केली, ती कुणाला आठवत नाहीत. मढं उघडायचं असलं की मात्र शेजारच्या तालुक्यातूनही निरोप यायचा.

मेलेलं जनावर उघडून ते कशानं मेलं हे शोधायचं, ह्याला आम्ही पीएम करणं म्हणायचो. बाहेरच्यांना वाटतं त्यात फार मोठं शास्त्र असतं. शास्त्र आहेच, पण निम्मं काम चिकाटीचं. उन्हात फुगलेली म्हैस, भोवती अर्धं गाव नाकाला पदर आणि उपरणं लावून उभं, आणि मालकाला घाई. "बघायचं काय त्यात बाई, मेली हाय न्हवं का, करा की सही." विम्याच्या म्हशींची तर तऱ्हाच न्यारी. विमा काढलेल्या म्हशीच्या कानात नंबरचा बिल्ला असतो. उदगीरजवळच्या एका सद्गृहस्थांनी एकदा बिल्ल्यासकट नुसता कानच पिशवीत घालून आणला. म्हणे म्हैस पुरली, वास मारत होती. मी म्हटलं, उकरा. ते काही उकरेनात. शेवटी मी त्यांच्या गोठ्यात जाऊन उभी राहिले, तर एका कानाची म्हैस निवांत कडबा खात होती. गृहस्थ म्हणाले, "चुकून कापला गेला." म्हशीच्या कानाला मलमपट्टी केली आणि गृहस्थांना जे बोलायचं ते बोलले. तेव्हापासून तालुक्यात माझी ख्याती झाली, की ही बाई उघडून बघितल्याबिगर सही करत नाही.

त्या ख्यातीचा मला अभिमान होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू. पण त्याच अभिमानानं एका माणसाचं घर मोडलं, आणि लिहायला बसले की मला बाकी सगळं सोडून तेच आठवतं. तेव्हा संपादकांनी माफ करावं, ह्यात गंमत नाही.

उदगीरहून देगलूरकडे जाताना आतल्या अंगाला एक साठवण तलाव आहे. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. त्या तलावावर मासेमारी करणाऱ्यांमध्ये नागोराव नावाचा म्होरक्या माणूस होता. वयानं माझ्याएवढाच, अंगानं काटक, आणि बोलायला लागला की थांबायचा नाही. त्याची बायको सखूबाई, आणि पंचविशीतला एकुलता पोरगा दिगंबर, असं तिघांचं घर. दारात एक म्हैस. तिच्याच निमित्तानं माझी ओळख झाली. म्हैस अडली होती, रेडकू आडवं आलं होतं. ते सरळ करून बाहेर काढेपर्यंत माझा हात खांद्यापर्यंत बधिर झाला. काम झाल्यावर हात धुवायला मी तलावावर गेले, नागोराव साबण आणि टॉवेल घेऊन मागोमाग आला.

पाण्यात एक साप चालला होता. नुसती मान आणि डोकं वर, बाकी काही नाही. मी पाय मागे घेतला तर नागोराव हसला. "साप न्हाई बाई. पाखरू हाय. आमी साप्या म्हणताव."

पुस्तकात त्याला सर्पपक्षी म्हणतात, कुणी तिरंदाजही म्हणतं. तोवर मी तो लांबूनच बघितला होता. नांदेडजवळच्या विष्णुपुरी धरणाच्या पाण्यावर, वाळलेल्या झाडाच्या शेंड्यावर पंख पसरून बसलेला. बदकाच्या पंखांना तेलकटपणा असतो म्हणून ते पाण्यावर तरंगतं. ह्याचे पंख पाणी पितात. सगळं अंग भिजून जड होतं, पाण्याखाली जातं, आणि वर राहते ती फक्त लांबलचक मान. ओलं अंग घेऊन नीट उडताही येत नाही, म्हणून बाहेर आला की पहिल्यांदा पंख वाळत घालायचे. मला हा प्रकार गैरसोयीचा वाटला. नागोराव म्हणाला, "तसं न्हाई. हलका असता तर बुडला असता का? अन् बुडला न्हाई तर खाईल काय?"

मग त्यानं मला कडेला पडलेला एक मासा उचलून दाखवला. वीतभर रोहू. पक्ष्याच्या चोचीतून निसटून पडलेला. त्याच्या कुशीत शेजारी शेजारी दोन भोकं होती. "हे बघा. बगळा चिमटीत धरतो. साप्या खालून येतो अन् भोसकतो. चोच जराशी उघडी असती, म्हणून दोन भोकं पडतेत. मग वर येऊन मासा हवेत उडवायचा अन् डोक्याकडून गिळायचा. इतका मोठा मासा असला अन् त्याला भोक नसलं, तर तो साप्यानं मारलेला न्हाई, हे लिहून घ्या."

मी लिहून काही घेतलं नाही, पण ऐकून घेतलं. त्या दिवशी सखूबाईनं चहा दिला, दिगंबरनं माझी बॅग जीपपर्यंत आणून दिली. पोरगा मोठा नम्र होता. जाळी विणायला बापापेक्षा हुशार, असं नागोराव मला त्याच्यादेखत म्हणाला आणि पोरगा लाजून खाली बघत राहिला.

पुढे वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. एका सकाळी वनविभागाचा फोन आला. तलावावर तीन सर्पपक्षी मेलेले सापडलेत, आरोपी ताब्यात आहे, पीएम करून द्या. पक्षी कायद्यानं संरक्षित, त्यामुळे पशुवैद्यकाच्या अहवालाशिवाय गुन्हा पुढे सरकत नाही. मी हत्यारांची पेटी घेतली आणि आमच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर गफूरभाई यांना जीपमध्ये घातलं. गफूरभाईंनी माझ्याबरोबर इतकी मढी उघडली होती, की सुरी मागायच्या आधी ती हातात यायची.

बांधावर बाभळीखाली वनपाल उभे होते. तरुण, कामाला नेटके, बोलायला सौम्य. जीपच्या मागच्या फळीवर आरोपी बसला होता. तो नागोराव होता.

"मॅडम, सरळ केस आहे," वनपाल म्हणाले. "कुणीतरी मोबाईलवर फोटो पाठवला. आम्ही आलो तर हे तिन्ही पक्षी घेऊन खड्डा खणत होते. तिन्हींच्या माना मुरगळलेल्या आहेत. विचारलं तर लगेच कबूल केलं."

मी नागोरावकडे बघितलं. "हाव, मीच मुरगळल्या," तो म्हणाला. "जाळं फाडतेत. बारका मासा ठिवत न्हाईत. राग आला."

तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या पायातल्या बुटांकडे बघून बोलत होता. मला वाटलं, ओळखीच्या बाईसमोर लाज वाटत असेल.

पोत्यावर तिन्ही पक्षी मांडले. पहिल्यांदाच मी ते इतक्या जवळून बघत होते, आणि खरं सांगते, वाईट वाटलं. पाठीवर काळ्या पिसांमध्ये रुपेरी रेघा, कुणी चुन्याच्या बोटानं ओढाव्यात तशा. मानेच्या कडेनं पांढरा पट्टा. शेपूट लांब, ताठ. पायाची चारही बोटं एकाच पातळ पडद्यानं जोडलेली, आणि ती बोटं आत मिटून घट्ट आवळलेली. चोच सरळ, दाभणासारखी टोकदार, आणि तिच्या कडेला बोट फिरवलं तर बारीक दाते लागत होते, आत गेलेला मासा सुटू नये म्हणून. आणि मान. सुताराच्या घडीच्या पट्टीसारखी मध्येच मोडलेली. कुणीही बघितलं असतं तर म्हणाला असता, ही मुरगळली.

मी पहिल्या पक्ष्याची मान बोटांत धरली. ती एका जागी वाकत होती आणि तिथून सरळच होत नव्हती. मोडलेलं हाड हाताला कळतं. ते करकरतं, टोकं एकमेकांवर घासतात, भोवती सूज आणि रक्त साचतं. इथं तसलं काही नव्हतं. दुसरा पक्षी घेतला. मग तिसरा. गफूरभाई वाकून बघत होते. ते म्हणाले, "मॅडम, तिन्नो की गर्दन एकीच जगा पे मुडेली है. ऐसा कैसा?"

मलाही तेच वाटत होतं. रागानं मुरगळलेल्या तीन माना एकाच मणक्यावर मोडत नाहीत. मी कातडी बाजूला केली. आत रक्ताचा ठिपका नव्हता. सगळे मणके शाबूत. फक्त मधला एक मणका लांबट आणि जरा वेगळ्या घडणीचा, आणि त्याच्यावरून ताणलेले स्नायू. मग लक्षात आलं, की ही मान मोडलेली नाही, ही अशीच घडवलेली आहे. मान घडी करून मागे ओढायची आणि एकदम सोडायची, की चोच भाल्यासारखी पुढे जाते. तो वाकडेपणा म्हणजे त्या पाखराचं पोट भरायचं साधन होतं.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगितलं पाहिजे. मला आनंद झाला. एक तर आपल्याला नवं काही कळलं ह्याचा, आणि दुसरा नागोराव सुटला ह्याचा. मी वनपालांना बोलावून दाखवलं. त्यांनीही लगेच ओळखलं. त्यांनी स्वतः बोट लावून बघितलं आणि म्हणाले, "मग ह्यानं कबूल कशाला केलं?"

तो प्रश्न ऐकला आणि माझा आनंद तिथंच विरला. जन्मभर साप्याच्या शेजारी मासे धरणारा माणूस. त्याला ती मान ठाऊक नव्हती असं होणं शक्यच नव्हतं.

मी जीपपाशी गेले. "नागोराव, माना मोडलेल्या नाहीत. तुम्हाला ते माहीत आहे. खोटं का सांगितलंत?"

"मीच मारले बाई."

"कसे मारले?"

त्यानं हातानं मुरगळल्याची खूण केली. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "तुमी तेवढंच लिवा की. माझं मी भोगतो. तुमचं काय जातंय?"

इथं थांबता आलं असतं. मेल्याचं कारण 'निश्चित नाही' असं लिहिता आलं असतं, लोक लिहितात. पण ती आवळलेली बोटं माझ्या डोळ्यांसमोर होती. पहिल्या पक्ष्याची चोच उघडली होती तेव्हा तिच्यातून फेस आला होता. दोन्ही विषाच्या खुणा. मी परत पोत्याशी बसले आणि पोट उघडलं. जठराच्या शेवटी केसांचा गुंता होता. आधी वाटलं, पक्ष्यानं काहीतरी गिळलं. पण तिन्हींत तो तसाच होता. ते केस त्यांचे जन्माचेच असतात, माशाचे काटे पुढे जाऊ नयेत म्हणून गाळणीसारखे. आणि गाळणीच्या अलीकडे मासे होते. अख्खे, न पचलेले, वीत वीतभर लांब. मी एकेक बाहेर काढून थाळीत ठेवला आणि पाण्यानं धुतला. दोन्ही कुशी बघितल्या. उलटून पुन्हा बघितल्या.

एकाही माशाला भोक नव्हतं.

पक्ष्यांनी ते मारलेले नव्हते. आधीच गुंगलेले, पाण्यावर उलटे झालेले मासे त्यांनी आयते उचलले होते, आणि पचायच्या आत मेले होते. थाळीतून फवारणीच्या औषधाचा वास येत होता. शेतकऱ्याच्या घरी जो वास पंपाला येतो तोच. मी मान वर करून तलावाकडे बघितलं. पाणी स्वच्छ दिसत होतं, कुणीतरी पहाटेच सगळं गोळा करून नेल्यासारखं. फक्त पलीकडच्या काठाला बेशरमीच्या झुडपांत बारक्या माशांची पांढरी पोटं अडकून राहिली होती.

आणि नेमकी तेव्हाच गावाकडून ढोरं पाण्यावर यायची वेळ झाली होती.

मी ओरडणार, तेवढ्यात जीपमधून नागोराव बोलला. "ढोरं येत न्हाईत बाई. सकाळपासून हाकलून राहिलो. पाण्यात मगर दिसली म्हणलो. गावात दवंडी दिऊन आलो, आठ दिस कुणी उतरू नगा. तळ्याकाठच्या विहिरीचं पाणी पन काढू नगा म्हणलो, मगरीनं घाण केली." एवढ्या मोठ्या गावाला, एकट्या माणसानं, एका खोट्या मगरीच्या जोरावर थोपवून धरलं होतं.

"औषध कुणी टाकलं?"

त्यानं पुन्हा नजर माझ्या बुटांकडे नेली.

"नागोराव, मोठे मासे कुठं आहेत?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या दिवशी जवळच्या गावाचा आठवडी बाजार होता. हे मला गफूरभाईंनी सांगितलं, मला आठवत नव्हतं. तेही नागोरावकडे न बघता, हळूच. त्यांनाही कळलं होतं.

नागोरावच्या लोकांकडचा मासेमारीचा ठेका त्या हंगामात संपत होता. पुढचा ठेका बाहेरच्या माणसाला जाणार अशी गावात हवा होती. दिगंबरनं ठरवलं, दुसऱ्याच्या ताब्यात भरलं तळं कशाला द्यायचं. जाळ्यानं इतक्या लवकर तळं रिकामं होत नाही, म्हणून त्यानं फवारणीच्या औषधाचा डबा पाण्यात ओतला. हे सगळं नंतर बाहेर आलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं, की पक्षी ज्यानं मेले तो मासा क्रेटमध्ये भरून बाजारात बसला आहे, आणि दुपारी घरोघरी शिजणार आहे.

मी फोन केला. पोलिसांना, तहसीलला, ग्रामीण रुग्णालयाला. नागोराव माझ्यासमोरच बसला होता, आणि मी बोलत असताना पहिल्यांदाच त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं.

बाजारातला बराचसा मासा सापडला, तो चुना टाकून पुरला. जो आधीच विकला गेला होता त्यानं काही घरांत उलट्या झाल्या. ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई बरेच दिवस दवाखान्यात होती, पण उठली. कुणी मेलं नाही. दिगंबर क्रेटशेजारीच बसलेला सापडला. पळाला नाही. पक्ष्यांचे अवयव मी मिठाच्या पाण्यात घालून सील करून प्रयोगशाळेकडे पाठवले, तिथून विषाचा अहवाल आला. माझं काम बिनचूक होतं. वनपाल साहेबांनी मला तसं लेखी कळवलं.

त्यानंतर एक दिवस सखूबाई दवाखान्यात आली. म्हैस नव्हती बरोबर. बाहेरच्या ओट्यावर बसली आणि गफूरभाईंनी दिलेलं पाणीही तिनं घेतलं नाही. मी बाहेर आले तेव्हा म्हणाली, "डॉक्टरीणबाई, मान मुरगळली असं लिवलं असतं तर म्हातारा चार दिस आत बसून आला असता. पोरगं तर घरात राहिलं असतं."

मी तिला बाजाराचं सांगितलं. ती म्हणाली, "माहीत हाय." मी पाण्याचं सांगितलं. ती म्हणाली, "माहीत हाय." मग उठून गेली. मला त्या दिवशी रडू आलं नाही, राग आला. दिगंबरचा आला, नागोरावचा आला, त्या पाखराच्या विचित्र मानेचासुद्धा आला. दवाखान्यात समोर शेळी घेऊन उभ्या असलेल्या माणसावर मी विनाकारण खेकसले.

दिगंबर जामिनावर सुटला आणि तारखांना येईनासा झाला. घरी तर आलाच नाही. तलावावरच्या मासेमारांतून नागोरावचं नाव काढून टाकलं. पोराचं केलेलं बापानं झाकलं, म्हणून गावानंही त्याला दोषी धरलं. ज्या गावाची ढोरं त्यानं वाचवली होती, त्याच गावानं. पुढे माझी बदली झाली आणि मग निवृत्ती. निरोपाच्या समारंभात एका साहेबांनी भाषण केलं, मॅडमनी कधी उघडल्याशिवाय सही केली नाही. टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून नारळ घेतला.

मी आता राहते त्या नांदेडमध्येच, गेल्या हिवाळ्यात, विष्णुपुरीच्या रस्त्याला माझ्या भाचीनं फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला गेले. खाली गेटवर निळ्या कपड्यातला एक म्हातारा वॉचमन उभा होता. शर्ट खांद्यावर मोठा झालेला. मी पुढे गेले आणि तो मागून म्हणाला, "वळखलं न्हाई का डॉक्टरीणबाई?"

नागोराव होता तो. त्यानं स्वतःची प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. सखूबाई वरच्या दोन घरी भांडी घासते म्हणाला. दिगंबरचं मी विचारलं. "हैदराबादकडं हाय म्हणतेत. फोन न्हाई, काही न्हाई."

"माझा राग आहे का नागोराव?"

"राग कशाचा. लोकायच्या लेकराबाळांच्या पोटात गेलं असतं. तुमी बरोबर केलं." त्यानं गेटची कडी लावून घेतली. "मला वाटलं होतं, तुमी ढोराच्या डॉक्टर, मानेपाशीच थांबताल. बरं, मानेचं कळलं, ते हाताला कळतंय. पन कोर्टात तुमचा कागद वाचला तवापासून एक इचारायचं राहिलं होतं बघा. माशाला भोक न्हाई, म्हणजे तो साप्यानं मारलेला न्हाई, हे तुमाला कुणी सांगितलं? पुस्तकात असतंय का?"

हो म्हणायला काही हरकत नव्हती. पण इतक्या वर्षांची सवय आहे, जीभ वळली नाही.

"तुम्हीच सांगितलं होतं," मी म्हटलं. "म्हैस अडली होती त्या दिवशी. बांधावर मासा उचलून दाखवला होता तुम्ही."

त्याला आठवायला वेळ लागला. आठवलं तेव्हा त्याचा हात आपोआप पुढे आला, तळव्यावर मासा धरल्यासारखा, आणि तसाच राहिला.

"हाव," तो म्हणाला. "मीच दाखवला."

मागून गाडीनं हॉर्न दिला आणि तो गेट उघडायला गेला.